गोल्डफिश आजारी पडला, औषधाची बाटली जरा बाजूला ठेवा

नमस्कार मंडळी. पाऊस काय थांबायचं नाव घेत नाहीये, लावणी आटपत आली, आणि या दिवसांत फिश टँकवाल्या घरातून एकच तक्रार ऐकू येते, अहो आमचा गोल्डफिश कोपऱ्यात तळाला बसून आहे, पर मिटून घेतलेत, खात नाही, मधेच वर येऊन तोंड उघडझाप करतो. मग कोणीतरी धावत दुकानात जातं, निळं औषध आणतं, बदाबदा ओततं, पाणी शाईसारखं होतं आणि मासा दिसेनासा. तर आजच्या गप्पा त्यावरच.

माझं म्हणणं एवढंच आहे की पहिल्या दिवशी औषध नको. पहिल्या दिवशी खाणं बंद, एअर पंप फुल्ल, आणि पाव ते एक तृतीयांश पाणी बदलायचं. निम्मेअधिक मासे एवढ्यानेच हुशारतात असं मला वाटतं, कारण बहुतेक वेळा बिघडलेलं असतं ते पाणी, मासा नाही.

आता पाणी बिघडतं कसं ते बघा. गोल्डफिशला जठर असं नसतंच, त्यामुळे तो दिवसभर खातो आणि दिवसभर घाण करतो, त्यात कल्ल्यांतून अमोनिया सोडतो तो वेगळाच. हा अमोनिया फिल्टरच्या स्पंजमधले बॅक्टेरिया खातात, त्याचा नायट्राइट होतो, त्याचा पुढे नायट्रेट, आणि नायट्रेट थोडाफार असला तरी चालतो. नव्या टँकमध्ये हे बॅक्टेरिया नीट वस्तीला यायला 4 ते 6 आठवडे लागतात. आणि आपल्याकडे काय होतं, वारा सुटला की लाईट गेली, ती रात्रभर नाही, फिल्टर बंद, स्पंजमधले बॅक्टेरिया ऑक्सिजनविना मरायला लागतात, सकाळी लाईट आली की तीच सगळी सडकी घाण फिल्टर टँकमध्ये फेकतो. म्हणून लाईट बराच वेळ गेली असेल तर फिल्टर चालू करायच्या आधी स्पंज काढा आणि टँकच्याच पाण्यात, बादलीत काढून घेतलेल्या, हलकेच पिळून घ्या. नळाखाली नाही हं, नळाच्या पाण्यात क्लोरीन असला तर उरलेसुरले बॅक्टेरियाही गेले. लाईट नसताना मासा वर येऊन धापा टाकत असेल तर तांब्याने टँकचंच पाणी उचलून वरून धार सोडत राहायचं, किंवा सेलवर चालणारा छोटा पंप घेऊन ठेवा, फार महाग नसतो.

विहिरीवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर टाकते, टाकायलाच हवी, पण त्या दिवशीचं पाणी थेट टँकमध्ये गेलं तर माशाचे कल्ले भाजतात. पसरट टबात एक दिवस उघडं ठेवा, किंवा दुकानात अँटीक्लोरीन मिळतं त्याचे थेंब घाला, बाटलीवर लिहिलंय तेवढेच.

दुसरं म्हणजे आपला जांभा दगड. जांभ्यातून येणारं पाणी प्यायला छान, पण त्यात चुना कमी, आणि पीएच, म्हणजे पाण्याचा आम्लपणा मोजायचं माप, तेही बऱ्याचदा 7 च्या खाली, म्हणजे पाणी आम्लधर्मी. गोल्डफिशला 7 ते 8 च्या मधलं बरं पडतं. यावर उपाय घरातच आहे, तिसऱ्या केल्यात ना, त्याची शिंपलं घासून, उकळून, वाळवून जाळीच्या पिशवीतून फिल्टरमध्ये ठेवा, हळूहळू चुना सुटत राहतो. हळूहळू हे महत्त्वाचं आहे, कारण आम्लधर्मी पाण्यात अमोनिया जरा निरुपद्रवी रूपात असतो आणि पीएच एकदम वर गेला की तोच विषारी होतो, म्हणूनच महिनोन्महिने न बदललेलं, आम्लधर्मी झालेलं पाणी कोणी एका फटक्यात सगळं बदललं की मासा उलट दगावतो आणि लोक म्हणतात स्वच्छ केलं तरी मेला!

पाणी नीट करूनही दोनतीन दिवसांत फरक नाही, तर मग माशाकडे नीट बघा. अंगावर, शेपटीवर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके, आणि मासा दगडाला अंग घासतोय, तर तो इक, म्हणजे व्हाइट स्पॉट. पण थांबा, ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या काठावर असतील आणि मासा मस्त पोहतोय, तर तो नर आहे आणि विणीच्या काळात आलाय, त्याला काहीही झालेलं नाही, कृपा करून औषध घालू नका.

इक खरंच असेल तर मीठ. साधं खडे मीठ चालतं, आपल्या शिरोड्याला मिठागरं आहेतच, 1930 चा मिठाचा सत्याग्रह झाला तेच शिरोडा. पण मोजून. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये दगडगोटे आणि वरची रिकामी जागा सोडून साधारण 45 लिटर पाणी धरा. लिटरला 1 ग्रॅम म्हणजे 45 ग्रॅम मीठ, वेगळ्या भांड्यात विरघळवून घाला, बारा तासांनी पुन्हा तेवढंच, आणखी बारा तासांनी पुन्हा, म्हणजे लिटरला 3 ग्रॅम झालं, बास. झाडं असतील तर आधी काढून ठेवा. मीठ काही उडून जात नाही, त्यामुळे पाणी बदललंत तर जेवढं काढलं तेवढ्यापुरतंच मीठ परत. ठिपके गेले म्हणून लगेच थांबू नका, तो जंतू माशाच्या कातडीखाली असताना त्याला मीठही लागत नाही आणि औषधही लागत नाही, तो गळून तळाला पडतो, फुटून शेकडो पिल्लं पाण्यात सुटतात, ती पोहत असतानाच काय ती मिठाने मरतात. म्हणून ठिपके गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवायचं.

मीठ म्हटलं की शेजारची आजी सांगणारच, "खाडयेचा पाणी घाल गो, बरो होतलो." आजी, समुद्राच्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅम मीठ असतं, गोल्डफिश गोड्या पाण्यातला, तो त्यात जगणार नाही.

आणि मोबाइलवर वाचून काही जण हीटर लावतात, 30 डिग्री करा म्हणे. तो सल्ला थंड प्रदेशातल्यांसाठी ठीक, आपल्याकडे पाणी तसंही 27-28 असतं. 20 डिग्रीच्या पाण्यात लिटरला 9 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, 30 ला साडेसातच. दम लागलेल्या माशाचा आणखी दम कशाला काढताय.

मासा उलटा किंवा तिरका तरंगत असेल, विशेषतः गोल पोटाचा ओरांडा वगैरे, तर बरेचदा पोट तुंबलेलं असतं. दोनतीन दिवस उपास, मग मटाराचा दाणा उकडून, साल काढून, चुरडून. पुढे गोळ्या घालताना आधी भिजवून घाला. पोट फुगून खवले उभे राहिलेले दिसले तर मात्र आत मूत्रपिंडापर्यंत गेलेलं असतं, त्यातून थोडेच वाचतात, मी खोटी आशा लावणार नाही. तसा मासा वहाळात किंवा विहिरीत सोडू मात्र नका, तिथल्या माशांना रोग कशाला.

निळं औषध, मिथिलिन ब्लू, ते वाईट नाही, बुरशी आली असेल तर उपयोगी पडतं, पण वेगळ्या टबात, कारण मुख्य टँकमध्ये ते फिल्टरच्या बॅक्टेरियांनाच मारतं. टबात एअर पंप हवा, वर जाळी हवी, मांजराचं काय सांगावं.

गणपतीत घर भरेल, मुंबईची पोरं येतील, प्रत्येक जण येताजाता चिमूट टाकणार, कोणी मोदकाचा तुकडाही. खाण्याचा डबा कपाटात वर ठेवा. आणि क्रॉफर्ड मार्केटमधून कोणी पिशवीत नवा मासा घेऊन आलंच तर पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही, मासा आधी दोनतीन आठवडे वेगळ्या टबात.

टँकमधून काढलेलं साधं पाणी झाडांना घाला, अबोली खूश होते. मिठाचं किंवा निळं पाणी मात्र मोरीत.