जुलैतली शाई, जानेवारीतली शाई

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या सभागृहात शाईच्या पेनांची आवड असणाऱ्यांसमोर केलेलं भाषण. छापताना थोडं आवरून घेतलं आहे.)

नमस्कार. आधी ही बाटली पाठवते, हातोहात मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. झाकण मात्र उघडू नका. इथली फरशी पांढरी आहे आणि हे सभागृह आपल्याला पुढच्या वेळीही हवंय.

बाटलीत काळपट निळी शाई आहे. दोन वर्षांपूर्वी जुलैत मी हिच्याबद्दल आपल्या मंडळींना लिहिलं होतं: कागदावर फुटते, पानामागे उमटते, वाळायला अर्धा मिनिट घेते, पैसे घालवू नका. फोटोंसकट लिहिलं होतं. मी बावीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात माल तपासायच्या प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे रंगाच्या बाबतीत लोक माझं जरा जास्तच ऐकतात. सात-आठ जणांनी घ्यायची म्हणून ठेवलेली ती शाई घेतली नाही. पुढे जानेवारीत कपाट आवरताना बाटली पुन्हा हाती लागली. पेन तेच, वहीसुद्धा तीच अर्धी राहिलेली. सहज दोन ओळी लिहिल्या, आणि काय सांगू, रेघ कशी सुरीनं कापल्यासारखी! फुटणं नाही, मागे उमटणं नाही, बारा सेकंदांत वाळून मोकळी.

म्हटलं, आता बाटली तीच, पेन तेच, वही तीच, लिहिणारी मीच. मग उरलं काय? हवा.

कागद म्हणजे शेवटी झाडाचे तंतू. ते तसेच ठेवले तर टीपकागद होतो. लिहायच्या कागदाला खळ द्यावी लागते, म्हणजे शाई वर थबकते, तंतूंच्या वाटेनं धावत सुटत नाही. जुलैत आपल्याकडे हवेतला ओलावा ८५ टक्क्यांच्या आसपास असतो. डब्याबाहेर राहिलेल्या पापडाचं जे होतं तेच वहीचं होतं. तंतू आधीच पाणी पिऊन फुगलेले असतात, शाई पडली की तिला पाय फुटतात. शिवाय आजूबाजूची हवाच ओली, तर शाईतलं पाणी उडून जाणार कुठे? म्हणून वाळायलाही वेळ लागतो. मी ठाण्याच्या पावसाळ्याबद्दल लिहिलं होतं आणि नाव मात्र शाईचं घेतलं होतं.

मला खरी लाज वाटली ती वेगळ्याच कारणानं. कारखान्यात मी एकही कागद रकाने भरल्याशिवाय पुढे पाठवला नव्हता. लॉट नंबर, तापमान, कुठल्या उजेडात बघितलं, कुणी बघितलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक लाल रंग मी ‘नमुन्याशी जुळतो’ म्हणून पास केला होता. गिऱ्हाइकानं तो परत पाठवला. आमच्या साहेबांनी दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले आणि म्हणाले, ‘जरा गच्चीवर जाऊन या.’ ट्यूबलाइटखाली जुळे भाऊ वाटणारे दोन लाल, उन्हात गेल्यावर एक विटकरी आणि एक डाळिंबी. याला रंगवाले मेटामेरिझम म्हणतात. दोन रंग वेगवेगळ्या द्रव्यांचे बनलेले असले, तर एका उजेडात ते एकसारखे दिसतात आणि दुसऱ्या उजेडात त्यांचं पितळ उघडं पडतं. साडीवर ब्लाउजपीस घेताना दुकानाच्या दारापर्यंत कापड नेऊन बघणाऱ्या बायकांना हे शास्त्र कुणी शिकवावं लागत नाही.

आणि आपण काय करतो? रात्री अकरा वाजता, स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली पानाचा फोटो काढतो आणि खाली लिहितो, ‘अप्रतिम जांभळी!’ त्यातून जांभळ्याचं तर फोनशी मुळीच पटत नाही. फोन आपल्या मनानं पांढरा काय ते ठरवतो, त्याप्रमाणे बाकीचे रंग सरकवतो आणि जांभळी बिचारी निळी होऊन जाते. मी आता दोनच गोष्टी पाळते. फोटो सकाळी, उत्तरेकडच्या खिडकीशी, थेट ऊन न घेता. आणि नव्या शाईच्या रेघेशेजारी एक रेघ कॅम्लिनच्या रॉयल ब्लूची. ही शाई जवळजवळ प्रत्येकाच्या घरात असते, निदान कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे तरी. फोटोत ती तुमच्या घरातल्या शाईपेक्षा हिरवट दिसली, तर समजा की शेजारची नवी शाईही तितकीच हिरवट दिसतेय. फोटो खोटं बोलणारच, पण किती खोटं बोलतोय ते तरी कळतं.

कॅम्लिनवरून आठवलं. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये सुरुवात केली ती घोडा छापाच्या शाईच्या पुड्या आणि गोळ्या विकून. बाटल्या नव्हेत, पुड्या. पाणी घरचं घालायचं. त्याच १९३१ मध्ये तिकडे पार्करनं क्विंक ही शाई बाजारात आणली. पुढे १९३४ मध्ये बंगालात स्वदेशीच्या प्रेरणेनं सुलेखा निघाली. घरच्या पाण्यात कालवलेल्या शाईचं परीक्षण करायचं म्हटलं असतं तर विहिरीचंही करावं लागलं असतं!

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येते. शाई तपासायला आपण लिहितो काय? बहुतेक जण इंग्रजी परीक्षणं वाचून ते कोल्ह्या-कुत्र्याचं, ए ते झेड सगळी अक्षरं येणारं इंग्रजी वाक्य लिहितात. ते इंग्रजीला ठीक आहे. पण माझं रोजचं लिहिणं देवनागरीत, आणि देवनागरी शाईचा अंत बघते. कशी ते सांगते. आपण शब्द लिहितो आणि मग हात मागे नेऊन वर शिरोरेघ ओढतो. म्हणजे निब परत त्याच शब्दाच्या माथ्यावरून जाते, काने अजून ओले असताना. प्रत्येक कान्याच्या टोकाशी थोडी शाई ओढली जाते, तिथे बारीक गाठ बसते. कागद हलका असेल तर निब ओले तंतू उपसते, मग निबेच्या फटीत एक केस अडकतो आणि पुढची सगळी ओळ दुहेरी उमटते. इंग्रजीत पुढे-पुढेच जाणाऱ्या हाताला हा त्रास फारसा ठाऊक नाही. मोडी लिहिणारे आधी ओळभर रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरं टांगत. याच कारणासाठी असं मी म्हणत नाही, पण शाईच्या दृष्टीनं बघितलं तर फार सोयीचं काम होतं.

दुसरी गोष्ट जोडाक्षरांची. ट्ट, द्ध, ष्ट यांच्या पोटातली जागा एवढीशी. शाई किंचित जरी फुटली तरी पोट भरून जातं आणि द्ध चा नुसता ठिपका होतो. म्हणून मी माझं एक वाक्य केलंय: ‘श्रद्धेनं घट्ट झाकण लावलं, तरी दौत सांडली.’ तीनदा लिहायचं. एकदा नेहमीच्या वेगानं, एकदा पोस्टात फॉर्म भरतो तशा घाईत, आणि एकदा मुद्दाम सावकाश. सावकाश लिहिताना निब कागदावर जास्त वेळ टेकते, शाई जास्त उतरते, खरी परीक्षा तिथे होते. त्याखाली नुसत्या आडव्या रेघा मारायच्या आणि पाच, दहा, पंधरा, वीस सेकंदांनी एकेकीवरून अंगठा फिरवायचा. अंगठा धुवायचा साबण कुठला, हे विचारणारेही भेटलेत मला. काही होत नाही साबणानं. दोन दिवस मिरवायचा.

काळ्या शाईचा एक खेळ मात्र घरी जरूर करा. फिल्टर पेपरची बोटभर पट्टी कापा, खालून दोन सेंटिमीटरवर शाईचा थेंब ठेवा आणि वाटीत अगदी तळाशी पाणी घेऊन पट्टी उभी करा. थेंब पाण्यात बुडता कामा नये. पाणी वर चढतं आणि चढताना काळ्यातून गुलाबी, पिवळा, निळा असे एकेक जण हात सोडवून घेतात. कुठली शाई कशाच्या मिश्रणाची आहे ते दहा मिनिटांत कळतं. नातवंडं असतील तर ती पट्टी तुम्हाला परत मिळणार नाही.

मघाशी मधल्या रांगेतून प्रश्न आला होता, की ‘ब्लू-ब्लॅक’ म्हणजे निळी का काळी. हा प्रश्न जुना आणि उत्तर गमतीचं आहे. जांभळी नाक्याला काष्ठौषधीवाल्याकडून हिरडा आणा, ठेचून उकळा, चहाच्या रंगाचं पाणी निघतं. त्यात हिराकशीची चिमूट टाका. बघता बघता सगळं पाणी काळंभोर. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह. युरोपात हेच काम ओक झाडावरच्या गाठींपासून, म्हणजे मायफळापासून करत. पण या शाईची एक खोड आहे. ती जेव्हा नीट बनवलेली, साफ, पेनात घालण्याजोगी असते, तेव्हा लिहिताना फिकट दिसते. काळी होते ती कागदावर गेल्यावर, हवा लागून. लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय ते दिसायला तर हवं! म्हणून तिच्यात निळा रंग घालत. आज निळी, चार दिवसांनी काळी, म्हणून ब्लू-ब्लॅक. पेलिकनच्या ४००१ ब्लू-ब्लॅकमध्ये आजही लोह आहे. बाकी बऱ्याचशा ब्लू-ब्लॅक आता नुसत्या रंगाच्या असतात, नाव तेवढं राहिलंय. ओळखायची कशी? आठवडाभर जुन्या अक्षरांवर पाण्याचा थेंब सोडा. निळं वाहून जाईल. खाली राखाडी अक्षर शाबूत राहिलं तर लोह आहे.

आणि हात जोडून सांगते, तो घरचा हिरड्याचा काढा पेनात भरू नका. गाळ फीडमध्ये, म्हणजे निबेला शाई पुरवणाऱ्या तिच्याखालच्या भागात, बसतो आणि आम्ल स्टीलची निब खातं. बोरूसाठी करा, टाकासाठी करा, त्याचा आनंद मोठा आहे. माझं एक एबोनाइटचं पेन या प्रयोगात गेलं. त्याबद्दल घरात अजून बोलत नाही.

रंगांच्या नावांबद्दल एवढंच. परदेशी परीक्षणांत ‘बर्गंडी’ वाचून मी कितीतरी वर्षं मान डोलावली. बर्गंडी मी कधी ग्लासात बघितलेली नाही. एकदा एका शाईबद्दल लिहिताना वैतागून लिहिलं, ‘आमसुलं भिजत घातल्यावर तासाभरानं पाण्याला येतो तो रंग, आणि वाळल्यावर खुद्द आमसुलाचा.’ रत्नागिरीच्या एका बाईंनी तेवढ्यावर बाटली मागवली, फोटोही बघितला नाही, आणि कळवलं की अगदी तोच. अंजिरी, मोरपिशी, पारवा, डाळिंबी, श्रीखंडी: साड्यांच्या दुकानात उभं आयुष्य गेलेल्या समाजाला रंगांसाठी उसनवारी करायची गरज काय?

लाल झळाळीवाल्या निळ्या शाया हल्ली फार चालतात. रंगद्रव्य इतकं दाट असतं की कागद ते पीत नाही. ५२ ग्रॅमच्या तोमोए रिव्हरसारख्या पातळ जपानी कागदावर ते वर साय धरल्यासारखं वाळतं आणि तिरक्या उजेडात तांबडं चमकतं. दिसायला देखणं, मान्य. पण ती साय पाण्यात विरघळणारीच असते. मार्चमध्ये लिहिलेलं पान मी ऑगस्टमध्ये उघडलं, बोट टेकलं आणि बोट निळं. एसीत राहणाऱ्यांनी खुशाल घ्यावी. खाडीकडून वारा येणाऱ्या घरात माझं मत नको असं आहे, आणि तुम्ही बघताय, हे मत देताना मी वारा कुठला तेही सांगितलं.

आता निघण्यापूर्वी. टेबलावर दोन-दोन मिलीच्या कुप्या भरून ठेवल्यात, बाटलीतल्या याच शाईच्या, चाळीस आहेत. प्रत्येक कुपीला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलीय. तिच्यावर शाईचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, म्हणजे कंपनी बघून कुणी भाळणार नाही की नाक मुरडणार नाही. रकाने आहेत: पेन, निब, कागद, तारीख, पंखा की एसी, बाहेर पाऊस आहे का. शेवटी तुमचं ते एक वाक्य, रंग कशासारखा. आज लिहा आणि कुपीत थोडी शिल्लक ठेवून जानेवारीत पुन्हा लिहा. दोन्ही चिठ्ठ्या मला पाठवा. डोंबिवलीच्या, कळव्याच्या, वाशीच्या, शहापूरच्या चिठ्ठ्या शेजारीशेजारी मांडून बघायचंय मला.

कुपी पिशवीत आडवी ठेवू नका. संध्याकाळची कर्जत लोकल पकडणाऱ्यांनी ती वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या खिशात उभी ठेवा, नाहीतर कल्याणपर्यंत शेजारच्या माणसाशी ओळख होईल. टेबल डावीकडच्या दाराशी आहे. पांढरे शर्ट घातलेल्यांनी जरा शेवटी या.