माहितीशास्त्रात संशोधन करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

नमस्कार. आज सुरुवात एका शब्दापासून करते.

अमेरिकेतली 'लायब्ररी ऑफ काँग्रेस' पुस्तकांसाठी विषयशीर्षकांची, म्हणजे पुस्तक कशावर आहे ते सांगणाऱ्या ठरावीक नावांची, एक यादी ठेवते. दुसऱ्या कितीतरी देशांतली ग्रंथालयं ती शीर्षकं जशीच्या तशी वापरतात. त्या यादीत बरीच वर्षं एक शीर्षक होतं, 'इल्लीगल एलियन्स'. म्हणजे बेकायदेशीर परके. कागदपत्रांविना राहणाऱ्या माणसांवरचं पुस्तक, अगदी त्यांची बाजू मांडणारं असलं तरी, कॅटलॉगमध्ये याच नावाखाली जायचं. २०१४ मध्ये डार्टमथ कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी ग्रंथपालांना सोबत घेऊन हे शीर्षक बदलायची मागणी केली. आधी नकार मिळाला. २०१६ मध्ये बदल जाहीर झाला, तर अमेरिकी संसदेतून विरोध उभा राहिला. शेवटी २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ते शीर्षक गेलं.

एका विषयशीर्षकासाठी सात वर्षं! पुस्तकाला नाव काय द्यायचं, हे वरवर बघता कारकुनी काम आहे. पण त्यात कायदा आला, राजकारण आलं, माणसाची प्रतिष्ठा आली. माहितीशास्त्र, म्हणजे माहिती कशी मांडायची आणि शोधायची याचा अभ्यास, आणि माहिती धोरण, म्हणजे त्याबद्दलचे कायदे आणि नियम, हे दोन विषय जिथे एकमेकांना भिडतात, ती जागा हीच. कोणाला काय सापडेल आणि ते कोण ठरवणार, हा प्रश्न ज्यांचा पिच्छा सोडत नाही त्यांच्यासाठी हा व्हिडिओ आहे.

'म्हणजे लायब्रेरियन होणार का?' हा प्रश्न या क्षेत्रातल्या प्रत्येकाला कधी ना कधी ऐकावा लागतो. मला तो प्रश्न आवडतो, कारण मूळ खरंच तिथे आहे. एस. आर. रंगनाथन गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवा. सर्च इंजिनवर काम करणारी माणसं आज दुसरं काय करतात? बेल्जियममध्ये पॉल ऑटले आणि हेन्री ला फोंतेन यांनी तर १८९५ मध्येच जगातल्या सगळ्या प्रकाशनांची एकच सूची कार्डांवर करायला घेतली होती. त्यातल्या ला फोंतेन यांना १९१३ चं शांततेचं नोबेल मिळालं. माहिती सगळ्यांना मिळाली तर जगात शांतता नांदेल, असं त्यांना मनापासून वाटायचं.

आता धोरणाची बाजू. इथे मी थोडी जास्त रेंगाळणार आहे, कारण मला स्वतःला हे काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या गेल्या. नावं आणि पत्ते काढून टाकले होते, म्हणजे ओळख पटणार नाही असा समज. लतान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी मतदार यादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग, एवढ्या तीन गोष्टींवरून त्यांनी खुद्द राज्याच्या गव्हर्नरांच्या वैद्यकीय नोंदी शोधून काढल्या. पुढे त्यांनी १९९० च्या जनगणनेच्या आकड्यांवरून अंदाज मांडला की अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांची ओळख याच तीन गोष्टींवरून पटू शकते.

यात महागडी प्रयोगशाळा कुठेच नाही. दोन याद्या आणि एक नेमका प्रश्न. आरोग्यविषयक गोपनीयतेच्या चर्चेत या कामाचा दाखला आजही दिला जातो. २०१४ मध्ये त्याच स्वीनी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या, म्हणजे ग्राहकांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, मुख्य तंत्रज्ञ झाल्या. विद्यापीठातून नियामक संस्थेत जायचं आणि पुन्हा अध्यापनाकडे वळायचं, अशी ये-जा या क्षेत्रात करता येते. आणि हो, त्यांचं शिक्षण संगणकशास्त्रातलं. या विषयात कायद्याकडून, समाजशास्त्राकडून, पत्रकारितेकडून, कुठूनही येता येतं.

रोजचं काम कसं असतं? वाचन भरपूर. कायद्याचे मसुदे, त्यांवर आलेल्या हरकती आणि सूचना, समित्यांचे अहवाल. मग मुलाखती, नाहीतर डेटा. आणि डेटा मिळवणं हीच सध्याची मोठी लढाई आहे. २०२३ मध्ये ट्विटरने संशोधकांना मोफत मिळणारा डेटा बंद केला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटाने क्राउडटँगल हे, सोशल मीडियावर काय पसरतंय ते दाखवणारं, साधन बंद केलं. अनेक संशोधकांची कामं मध्येच अडकली. दुसरीकडे युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यात, कलम ४० खाली, पारखून निवडलेल्या संशोधकांना मोठ्या प्लॅटफॉर्मचा डेटा द्यायची तरतूद आहे. म्हणजे माहिती धोरणाचा अभ्यास कोणाला करता येईल, हेसुद्धा माहिती धोरणच ठरवतं.

अडचणीही सांगायला हव्यात. कायम पदं थोडी आणि स्पर्धा मोठी. विभागांची नावं इतकी वेगवेगळी की शोधणाऱ्याची दमछाक होते. कुठे ग्रंथालय व माहितीशास्त्र, कुठे माध्यम अभ्यास, कुठे सार्वजनिक धोरण, तर कुठे नुसतं 'आय-स्कूल', म्हणजे इन्फर्मेशन स्कूल. म्हणून विभागाच्या नावापेक्षा तिथली माणसं कशावर लिहितात ते बघा. शोधनिबंधांना किती संदर्भ मिळाले, म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या लेखनात त्यांचा किती वेळा दाखला दिला, यावर बढत्या ठरतात, तेही डोक्यात असू द्या. युजीन गारफिल्ड यांनी संदर्भांची सूची १९६४ मध्ये बाजारात आणली ती शोधनिबंध शोधणं सोपं व्हावं म्हणून. पुढे तीच सूची माणसांना मोजायची पट्टी झाली. धोरणावर काम करणाऱ्याला ही पट्टी जास्त जाचते. सरकारी मसुद्यावर तुम्ही चाळीस पानांचा अभिप्राय लिहिलात आणि त्यामुळे एक कलम बदललं, तरी संदर्भांच्या मोजणीत त्याची नोंद बहुधा शून्य. मला हे चूक वाटतं. तुम्ही या क्षेत्रात आलात तर यावर बोलत राहा.

पीएच.डी.साठी मार्गदर्शकाला पहिली ईमेल लिहाल, तेव्हा 'मला गोपनीयता या विषयात रस आहे' असं लिहू नका. अशा ईमेल त्यांना ढिगाने येतात. एक निर्णय निवडा. एखाद्या फॉर्ममधला एक रकाना, एखादी वर्गवारी, शोधनिकालातून गायब झालेली एखादी गोष्ट. तो निर्णय कोणी घेतला, कोणत्या नियमाखाली घेतला आणि त्याचा त्रास कोणाला झाला, याबद्दल तुम्हाला आत्तापर्यंत जे सापडलंय ते दोन परिच्छेदांत लिहा. ज्या जागी तुमचा शोध अडला, ती जागाही लिहा. बहुतेक वेळा प्रबंध तिथूनच सुरू होतो.