तिनाचे आठ टक्के: युरोपची घटना घडवणारा प्रश्न

[दृश्य: जुनं जकात नाकं, कृष्णधवल]

सप्टेंबर १९६०. व्हान गेंड एन लोस ही डच वाहतूक कंपनी पश्चिम जर्मनीतून युरिया-फॉर्मल्डिहाइड आणते. आधी या रसायनावर ३ टक्के आयात शुल्क होतं. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी मिळून मालाची वर्गवारी बदलली आणि नव्या रकान्यात तेच शुल्क ८ टक्के झालं. आता १९५७ च्या रोम कराराचं, म्हणजे आजच्या युरोपीय संघाचा पाया घालणाऱ्या कराराचं, कलम १२ बघा. सदस्य देशांनी आपापसांत नवं शुल्क लावायचं नाही आणि असलेलं वाढवायचं नाही. कंपनी तक्रार घेऊन गेली ती शुल्काच्या वादांवर अंतिम निकाल देणाऱ्या डच न्यायाधिकरणाकडे, टारीफकमिसीकडे.

न्यायाधिकरणाने ऑगस्ट १९६२ मध्ये लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाला (पुढे नुसतं ‘लक्झेंबर्ग’) दोन प्रश्न पाठवले. कलम १२ च्या आधारावर सामान्य व्यक्ती किंवा कंपनी स्वतःचा हक्क मागू शकते का? आणि शकत असेल, तर ही शुल्कवाढ बेकायदा ठरते का?

इथे अपील नव्हतं, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. खटला टारीफकमिसीकडेच राहिला. लक्झेंबर्गला गेला तो फक्त कराराचा अर्थ. अर्थ लावायचा लक्झेंबर्गने, निकाल द्यायचा देशातल्या न्यायालयाने. युरोपीय घटनात्मक कायद्याची सगळी इमारत या विभागणीवर उभी आहे. अशी विचारणा करण्याचं कलम तेव्हा रोम करारात १७७ होतं, आजच्या करारात ते २६७ आहे.

तेव्हाच्या सहा सदस्य देशांपैकी तीन सरकारांनी लेखी म्हणणं मांडून विरोध केला. ॲडव्होकेट जनरल, म्हणजे निकालाआधी न्यायालयाला स्वतंत्र मत देणारे अधिकारी, कार्ल रोमर यांचं मतही कंपनीच्या बाजूचं नव्हतं. तरीही ५ फेब्रुवारी १९६३ ला न्यायालयाने सांगितलं की हा करार म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्यातली एक नवी व्यवस्था आहे आणि नागरिकांनाही तिच्यातून थेट हक्क मिळतात. कारण कलमाच्या घडणीतच होतं. ते स्पष्ट होतं, त्याला अट नव्हती, आणि ‘करू नका’ एवढंच सांगत असल्यामुळे अंमलासाठी वेगळा कायदा करायची गरज नव्हती. दुसऱ्या प्रश्नावर न्यायालयाने फक्त मोजपट्टी दिली: १ जानेवारी १९५८ ला प्रत्यक्षात किती शुल्क घेतलं जात होतं, त्याच्याशी तुलना करा. हिशोब करायचा टारीफकमिसीने.

[दृश्य: निकालपत्राची पानं, कॅमेरा हळूहळू मजकुरावर]

हे निकाल अभ्यासताना एक अडचण हमखास येते. लक्झेंबर्गच्या निकालपत्रात भिन्नमत नसतं. न्यायाधीशांची चर्चा गुप्त राहते आणि निकाल सर्वांच्या वतीने एकच येतो. दुसरी बाजू वाचायची असेल तर ॲडव्होकेट जनरलचं मत उघडावं लागतं. रोमर वाचल्याशिवाय १९६३ ची झेप किती मोठी होती ते कळत नाही. आणि एखाद्या शब्दावर अडलात तर खटल्याच्या भाषेतला मजकूर पाहा, कारण अधिकृत तोच. इथे तो डच आहे.

[दृश्य: मिलान, रस्त्यावरचे विजेचे खांब]

पुढचा खटला वीजबिलाचा. रक्कम १,९२५ लिरा. इटलीने १९६२ मध्ये वीज उद्योगाचं राष्ट्रीयीकरण केलं. मिलानचे वकील फ्लामिनियो कोस्टा एका जुन्या वीज कंपनीचे भागधारक होते. त्यांनी एनेल या नव्या सरकारी मंडळाचं बिल भरायला नकार दिला. रक्कम इतकी लहान की स्थानिक न्यायाधीशाच्या निकालावर अपीलच नव्हतं, आणि ज्या न्यायालयावर अपील नाही त्याला लक्झेंबर्गला विचारणं करारानेच बंधनकारक केलं आहे.

न्यायाधीशाने विचारलं, पण चुकीचं. इटलीचा कायदा कराराशी जुळतो का, असा प्रश्न केला. देशाचा कायदा तपासण्याचा अधिकार लक्झेंबर्गला नाही. इटलीच्या सरकारचा आक्षेप तर असा होता की देशातला न्यायाधीश देशाचाच कायदा लावायला बांधलेला आहे, त्याला लक्झेंबर्गला विचारताच येत नाही, त्यामुळे प्रश्न पूर्णपणे अग्राह्य आहे. न्यायालयाने त्या सदोष प्रश्नातून कराराच्या अर्थाचा भाग वेगळा काढला आणि १५ जुलै १९६४ ला उत्तर दिलं: नंतर केलेला देशी कायदा कराराच्या वर जाऊ शकत नाही. चारच महिने आधी इटलीच्या घटना न्यायालयाने नेमकं उलटं सांगितलं होतं.

हे प्राधान्य करारात आजही कलम म्हणून लिहिलेलं नाही. मूळ करारांत बदल करणाऱ्या लिस्बन कराराला जोडलेल्या घोषणा क्रमांक १७ मध्ये त्याचा उल्लेख आहे, एवढंच. म्हणूनच जर्मनीचं घटना न्यायालय १९७४ पासून ‘जोपर्यंत’ या शब्दाला धरून मूलभूत हक्कांच्या रक्षणाबाबत आपली अट राखून आहे, आणि ५ मे २०२० ला त्याने लक्झेंबर्गचा एक निकाल अधिकाराबाहेरचा म्हणून नाकारलाही.

[दृश्य: न्यायाधीशाचं टेबल, टाइप होत असलेला आदेश]

पुढे लक्झेंबर्ग कडक झालं. आज विचारणा पाठवताना त्या न्यायालयाच्या कामकाज नियमावलीचं कलम ९४ तीन गोष्टी मागतं: वादाचा विषय आणि तथ्यं, लागू असलेला देशी कायदा, आणि शंका का आहे, तिचा खटल्याशी संबंध काय, याची कारणं. साधारण दहा पानं बहुतेक वेळा पुरतात. मजकुराचं भाषांतर संघाच्या इतर अधिकृत भाषांमध्ये होतं, म्हणून वाक्यं लहान हवीत. अनेक विचारणा फसतात त्या तथ्यांवर. न्यायाधीश दोन्ही पक्षांचं म्हणणं उतरवतो, पण स्वतःला काय सिद्ध झालेलं दिसतं ते लिहितच नाही. काल्पनिक प्रश्नही परत येतो. आमच्या मते प्रश्न शेवटी लिहावा आणि वरची पानं झाकून वाचावा. एकट्याने अर्थ लागत नसेल, तर पुन्हा लिहावा.

१ ऑक्टोबर २०२४ पासून सहा ठरावीक विषयांवरच्या विचारणा लक्झेंबर्गमधल्याच जनरल कोर्टाकडे, म्हणजे खालच्या न्यायालयाकडे, जाऊ लागल्या आहेत. मालाची शुल्कासाठी वर्गवारी हा त्यातलाच एक विषय. पण प्रत्येक विचारणा आधी वरिष्ठ न्यायालयाच्या, म्हणजे वरचे दोन्ही निकाल देणाऱ्या न्यायालयाच्या, हातात येते, आणि मूळ कराराच्या अर्थाचा स्वतंत्र प्रश्न निघाला तर ती तिथेच थांबते. आज व्हान गेंडचं रसायन नुसतं ‘कोणत्या रकान्यात?’ एवढंच विचारत आलं, तर ते खाली जाईल. टारीफकमिसीचा पहिला प्रश्न घेऊन आलं, तर वरच राहील.