चूक सापडली, पुढे काय?

नमस्कार श्रोतेहो. निवडलेला विषय आपला आहे की नाही, हे कसं ओळखायचं, त्याची ही माझी गोष्ट.

संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एक अख्खी रात्र लिंक्ड लिस्टमधला, म्हणजे प्रत्येकाला पुढच्याचा पत्ता ठाऊक असलेल्या नोंदींच्या साखळीतला, एक नोड काढून टाकण्यात घालवली. प्रोग्राम चालवला की पडद्यावर दोनच शब्द यायचे: सेगमेंटेशन फॉल्ट. म्हणजे, जी मेमरी तुझी नाही तिला हात लावलास. पहाटे चूक सापडली. नोडची मेमरी मी आधीच मोकळी करत होतो आणि मग त्यालाच पुढच्याचा पत्ता विचारत होतो. बिऱ्हाड हलवून गेलेल्याचं दार ठोठवावं, तसं. दोन ओळींची अदलाबदल केली आणि प्रोग्राम चालला. शेजारचा मित्र अशा वेळी खुर्चीतून उडीच मारायचा. मला मात्र नुसती झोप आली.

त्या झोपेचा अर्थ कळायला आणखी एक सेमिस्टर गेलं.

तोवर डेटा स्ट्रक्चर्समध्ये, म्हणजे माहिती मांडून ठेवायच्या पद्धतींच्या पेपरात, माझी दांडी उडाली होती. पण नापास झालो म्हणजे विषय आपला नाही, हे मला आजही पटत नाही. रिकर्शन, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याने, फंक्शनने, स्वतःलाच बोलावणं, पहिल्या फटक्यात फार थोड्यांना कळतं. थांबायची अट लिहायची राहिली, की फंक्शन स्वतःलाच हाका मारत बसतं आणि शेवटी या हाकांची नोंद ठेवायची जागा, स्टॅक, भरून प्रोग्राम कोसळतो. हे सरावाने सुटतं. तेव्हा एका पेपरापायी विषय सोडायची घाई नको. गणित सुटल्यावर पुढचं सोडवावंसं वाटतं का, तेवढं मात्र बघा.

मला नव्हतं वाटत. उलट ज्या ऑटोमेटा थिअरीला, म्हणजे कुठल्या यंत्राला कुठलं व्याकरण ओळखता येतं या विषयाला, सगळे वैतागायचे, ती मी चवीने वाचायचो. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींनी १९५६ साली व्याकरणांची उतरंड मांडली, ती माणसांच्या भाषेचा विचार करताना. ती कामी आली कंपायलरवाल्यांच्या, म्हणजे प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या. पुढे प्रोग्रामिंग भाषांचं व्याकरण मांडायला बॅकस-नॉर पद्धत आली. १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी सुचवलं, की हिला पाणिनी-बॅकस म्हणा. हे वाचलं आणि मी ग्रंथालयात पाणिनीचं संस्कृत व्याकरण, अष्टाध्यायी, शोधायला गेलो. परीक्षेला नसलेलं पुस्तक मी आपणहून मागितलं, ते पहिल्यांदाच.

भाषाविज्ञानाला गेलो. ‘म्हणजे दोन वर्षं पाण्यात?’ असं बाबांनी विचारलं. सगळी नाही. गणिताचे क्रेडिट धरले, प्रोग्रामिंगचे गेले, एक वर्ष वाढलं. ते वर्ष मला जड गेलं, खोटं कशाला बोलू.

नव्या वर्गात बाईंनी फळ्यावर वाक्य लिहिलं: ‘काका म्हणाले, की आई म्हणाली, की पाऊस येणार.’ वाक्याच्या पोटात वाक्य, त्याच्या पोटात आणखी एक. ‘याला रिकर्शन म्हणतात,’ बाई म्हणाल्या. वर्ग गोंधळला. मी मागच्या बाकावरून हात वर केला आणि विचारलं, ‘बाई, यात थांबायची अट कुठली?’