कार्य शून्य, घाम मात्र खरा

आजच्या भाषणाच्या पत्रिकेत छापलंय की मी रोजच्या भाषेतले आणि भौतिकशास्त्रातले पाच शब्द घेणार आहे. घेतोच, पण सुरुवात ‘कार्य’पासून, कारण हा शब्द मला नववीपासून सलतोय.

परीक्षेत प्रश्न होता, डोक्यावर 20 किलोचं ओझं घेऊन माणूस सपाट रस्त्याने 1 किलोमीटर एकसारखा चालला, तर ओझं पेलणाऱ्या बलाने किती कार्य केलं? मी बल गुणिले अंतर असा गुणाकार केला, 1,96,000 ज्यूल. ज्यूल म्हणजे कार्य मोजायचं एकक. लाल पेनाने काट आणि शेजारी ‘शून्य’. मी उभा राहून विचारलं, सर, पण तो माणूस तर घामाघूम होईल ना? उत्तर मिळालं, पुस्तकात शून्य आहे, तू शून्य लिही. वर्ग हसला. हात वर करा बघू, कोणाकोणाला हे असंच शिकवलं? बघा, अर्धी खोली!

आता शून्य बरोबरच आहे हो. भौतिकशास्त्रात कार्य म्हणजे बल गुणिले त्या बलाच्याच दिशेने सरकलेलं अंतर. इथे बल वरच्या दिशेला, सरकणं आडवं, मग त्या बलाचं कार्य शून्य. पण घामही खरा आहे! ओझं घेऊन नुसतं उभं राहिलं तरी स्नायूंचे तंतू सारखे ओढतात, सोडतात, पुन्हा ओढतात, त्यात अन्नातून आलेली ऊर्जा खर्च होते आणि ती उष्णता होऊन बाहेर पडते. तेच ओझं टेबलावर वर्षभर ठेवा, टेबलाला भूक लागत नाही. म्हणजे शून्य लिहायचं ओझ्याच्या खात्यावर, घाम माणसाच्या खात्यावर. एवढी दोन वाक्यं वर्गात सांगायला काय हरकत होती?

आणि शब्द एवढा अरुंद का केला, तर त्यामागे इंजिनं आहेत. खाणीतलं पाणी उपसणारं वाफेचं इंजिन किती चांगलं, हे ठरायचं किती कोळशात किती वजनाचं पाणी किती उंच चढवलं यावर, आडवं नेण्याचा हिशोबच नाही. बल गुणिले अंतर या मापाला फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिसने 1829 मध्ये ‘त्रावाय’ म्हटलं, म्हणजे फ्रेंचमध्ये रोजचं काम, मेहनत. हो, वादळांच्या फिरण्यात ज्याचं नाव येतं तोच हा. बरं, इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगने 1807 मध्येच ‘एनर्जी’, म्हणजे ऊर्जा, हा शब्द छापला होता, तरी जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1847 मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेवर लिहिलं तेव्हा शीर्षकात शब्द घातला ‘क्राफ्ट’, म्हणजे बल! एवढ्या मोठ्या माणसांना बल आणि ऊर्जा वेगळं करायला दशकं लागली आणि आपण पोरांकडून ते एका तासात मागतो.

आयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भरभर सांगतो.

शक्ती: म्हणजे कार्य किती भरभर झालं ते. 20 किलो दीड मीटर उचला, कार्य 294 ज्यूलच, सेकंदात उचला नाहीतर मिनिटात. शक्ती मात्र पहिल्यात 294 वॅट, दुसऱ्यात 4.9. ‘अंगात शक्ती नाही’ म्हणतो तेव्हा आपल्याला हे म्हणायचंच नसतं.

वजन: काटा 60 किलो दाखवतो ते वस्तुमान, म्हणजे अंगात द्रव्य किती; वजन म्हणजे पृथ्वी ज्या बलाने ओढते ते, 588 न्यूटन, न्यूटन हे बलाचं एकक. चंद्रावर वजन साधारण सहावा हिस्सा, वस्तुमान तेच.

उष्णता: वस्तूत साठून राहते ती नव्हे, गरमाकडून गाराकडे जाणारी ऊर्जा. साठलेली असते ती आंतरिक ऊर्जा.

शेवटचा, वेग. चाल म्हणजे किती भरभर, वेगात दिशाही आली. 400 मीटरच्या ट्रॅकवर मुलगी 80 सेकंदात फेरी मारून जिथून निघाली तिथेच आली. सरासरी चाल सेकंदाला 5 मीटर, सरासरी वेग पुन्हा तेच, शून्य. धापा टाकत आलेल्या त्या मुलीला आधी तिचे 80 सेकंद सांगा, शून्य नंतर.