दीक्षाभूमीजवळचा दहा रुपयांचा चहा

नमस्कार श्रोतेहो.

श्रीलंकेचं राष्ट्रगीत एकाच चालीवर दोन भाषांत आहे. सिंहलीत ‘श्रीलंका माता’, तमिळमध्ये ‘श्रीलंका ताये’. ४ फेब्रुवारी २०१६ ला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या सरकारी समारंभात, तमिळ गीत म्हटलं गेलं, तेही १९४९ नंतर पहिल्यांदा. सरकार बदललं आणि २०२० च्या समारंभातून ते गेलं. २०१६ ला आलं, २०२० ला गेलं. मुलांनी पाठ केलेल्या गाण्याशी असं वागू नये, असं मला मनापासून वाटतं.

मला ही गोष्ट कळली ती आपल्या नागपुरात. २०२२ चा धम्मचक्र प्रवर्तन दिन. दीक्षाभूमीचा रस्ता पांढऱ्या कपड्यांनी भरलेला. चहाच्या ठेल्यावर माझ्या शेजारी श्रीलंकेचं एक वयस्कर जोडपं उभं होतं. गुरुजी निवृत्त शिक्षक, इंग्रजीतून बोलत होते. बाईंनी दुधाचा चहा दोन्ही हातांत धरला आणि घोट घोट घेतला. म्हणाल्या, घरी दुधाची पावडर परवडत नाही, वर्षभर कोराच चहा पितो. मग किंमत विचारली. दहा रुपये. त्यांनी बोटांवर हिशेब केला. मागच्या वर्षी या चहाला त्यांचे २७ रुपये पडले असते, आता ४५. चहा तोच, दहा रुपयांचाच, पण त्यांना २७ चे ४५.

रुपया पडणं म्हणजे हेच, श्रोतेहो. २०१९ च्या शेवटी तिथल्या सरकारनं व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ वर आणला. तिजोरी आटली, नोटा छापल्या, डॉलर संपले. सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोतली महागाई ७० टक्क्यांना टेकली होती. आपलं खाद्यतेल निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, म्हणून डॉलर चढला की फोडणी महागते. २७ चे ४५, एवढं लक्षात ठेवा.

गुरुजींनी पाकिटातून त्यांची हजाराची नोट काढली. ठेलेवाला म्हणाला, "राहू द्या ना जी, पाहुणे आहेत आपले." पण नोट त्यानं हातात घेऊन उलटीपालटी केली आणि विचारलं, यावर लिवलं काय आहे? गुरुजींनी बोट ठेवून दाखवलं. ही सिंहली, ही तमिळ, ही इंग्रजी. नोटेवर दोन्ही भाषा आहेत, समारंभात मात्र एकच, हे बोलताना त्यांचा आवाज जड झाला. ते म्हणाले, माझ्या शाळेत दोन्ही भाषांची मुलं होती. एकाच वेळी आपापल्या शब्दांत गायची. चाल एक, त्यामुळे कधी कुणी अडखळलं नाही.

आणि हो, शाळांनी राष्ट्रगीताची ध्वनिफीत लावू नये. पोरांना गाऊ द्यावं, बेसूर असलं तरी. आपल्या नोटेवरच्या पट्टीत १५ भाषा आहेत, त्यात मराठी शोधायलाही पोरांना सांगा.

ठेलेवाल्यानं विचारलं, "गुरुजी, म्हणून दाखवता का?" गुरुजींनी कप खाली ठेवला, सरळ उभे राहिले. आधी सिंहली ओळ म्हटली. मग विद्यार्थ्यांकडून ऐकून पाठ झालेली तमिळ ओळ. बाई दुसऱ्या ओळीला त्यांच्याबरोबर गात होत्या.