पोरीचं डोकं आणि दुधाचे खाडे

पत्रिकेवर विषय छापलाय ‘मुलांची डोकेदुखी : कारणे व उपाय’. उपाय शेवटी सांगणार, आधी सांगितले तर तुम्ही मिसळ गाठाल. रविवार सकाळ आहे, मीही नाशिकचाच.

मी बालरोगतज्ज्ञ. तरी माझ्याच ९ वर्षांच्या लेकीचं डोकं आठ महिने दुखत होतं आणि मला कारण सापडेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, नंबर आला असेल. चष्मा झाला. डोकं तसंच, वर ‘चष्मा कुठे ठेवलास’ ही नवी डोकेदुखी. कुणी सायनस म्हणालं, वाफारे झाले. आईनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, कपाळाला सुंठेचा लेप लावला. हसू नका, लेप वाळेपर्यंत पोरगी अंधारात गप्प पडून राहायची आणि तेवढ्यानंच थोडं बरं वाटायचं. शेवटी एमआरआय. नॉर्मल! पार्किंगमध्ये रिपोर्ट हातात घेऊन मला, खरं सांगतो, आनंदाआधी चीड आली. आता शोधायचं कुठे?

स्वयंपाकघरात. आई कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडते. त्याच चौकटींत बारीक ‘डो’ लिहिलेला, उलटी झाली असेल तर त्याभोवती गोल, आणि मी वेदनाशामक सिरप पाजलं त्या दिवशी फुली. तिचा संशय चतुर्थीवर. मी ताळा करून पाहिला, जमेना. जमले ते मंगळवार-शुक्रवार, म्हणजे स्केटिंगचे दिवस. नाशिकच्या डिसेंबरात पहाटे ५ ला उठायचं, दूध नको म्हणायचं, तिथून परस्पर शाळा. १० पर्यंत पोटात अन्नाचा कण नाही. आणि फुल्या? महिन्यात १७, चारही पानांवर तीच गत! साधं वेदनाशामकसुद्धा महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं, तर औषधच डोकं दुखवू लागतं. हे मी फळ्यावर लिहून शिकवलंय.

बायको म्हणाली, “अहो, कॉलेजात माझंही असंच दुखायचं.” अर्धशिशी! लग्नाला १२ वर्षं झाली, मी कधी विचारलंच नव्हतं. आईला म्हटलं, हे आधी का नाही दाखवलंस? “तू विचारलंस कुठे? दूधवाला तरी महिन्याला विचारतो.”

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, पटापट. मायग्रेन बहुधा आईबापांकडून येतं. उपास, जागरण, ऊन त्याला फक्त चिथावतात. मुलांत ते बरेचदा दोन्ही बाजूंनी, कपाळभर दुखतं, म्हणून ‘अर्ध’शिशीनं फसू नका. सिरप थांबवल्यावर पहिला आठवडा जास्त दुखलं, मग उतरलं. पण तुम्ही औषध डॉक्टरांना विचारूनच थांबवा. दुखण्यानं झोपेतून जाग येणं, उठल्याउठल्या उलट्या, चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, यात कॅलेंडर मांडत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबराबरोबर पडदाही तपासायला हवा, आतल्या नसेला सूज आहे का ते तिथे दिसतं. बीपी मुलांचंही मोजतात. झोप, पाणी, न्याहारी... अध्यक्ष उठलेच. दाराशी कोरे तक्ते ठेवलेत, जाताना एकेक घ्या. दुधाचं खातं त्यात नाही, ते आपलं आपण आखा.